व्हिएतनामची पोरं बिघडतात ती संगतीने की घरच्या पंगतीने?

सायगॉनकर
लग्नानंतर नऊ वर्षं हो चि मिन्ह सिटीत राहतोय. सासर मेकाँगच्या खोऱ्यात, कान थोजवळ. मागच्या महिन्यात आजेसासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं. तिकडे त्याला 'दाम यो' म्हणतात. पूजा झाली, जेवणं झाली आणि पुरुषमंडळी चटईवर गोल करून बसली. मध्ये तांदळाच्या दारूची बाटली, पेला मात्र एकच. आपण रिकामा करायचा, भरायचा, शेजाऱ्याला द्यायचा. पेला एकच असल्यामुळे कुणाला गुपचूप सुटताही येत नाही.

मेव्हण्याचा मुलगा पंधरा वर्षांचा. पेला त्याच्यापाशी आला तशी सगळी चटई गप्प झाली. मग एका सुरात, "मोट, हाय, बा, यो!" म्हणजे एक, दोन, तीन, घे! पोराने डोळे मिटून घशाखाली ओतली. ठसका लागला, कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. धाकट्या काकाने पाठ थोपटली, "आता बाप्या झालास." आजी चुलीपाशी उभी राहून कौतुकाने बघत होती. दारूविना पुरुष म्हणजे वाऱ्याविना झेंडा, अशी म्हणच आहे त्यांच्यात.

दारूच्या दुष्परिणामांवरचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. अठराच्या आतल्याने प्यायची नाही आणि कुणी कुणाला भरीस घालून पाजायची नाही, दोन्ही त्यात आहे. आठवड्याने हाच मुलगा मित्रांबरोबर बिअर पिताना सापडला, तर घरभर एकच वाक्य: संगत वाईट लागली. मला हे सहन होत नाही. पहिला पेला त्याला संगतीने दिलाच नव्हता, पंगतीने दिला होता.

दोन मुलांचा बाप
दादा, दारूपुरतं मान्य. पण ई-सिगारेट कुठल्या पंगतीत वाढतात? व्हिएतनामच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांत तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये तिचं प्रमाण २०२२ मध्ये ३.५ टक्के होतं, २०२३ मध्ये ८ टक्के. एका वर्षात दुपटीच्या वर! आजोबा बांबूच्या नळीतून तंबाखू ओढतात, बाप साधी सिगारेट. ही पेनासारखी दिसणारी, स्ट्रॉबेरीचा वास येणारी वस्तू काय आहे हे त्या दोघांना ओळखताही येत नाही. ती आली बाकावरच्या मित्राकडून आणि मोबाइलमधून. चौदाव्या वर्षी बापाच्या शब्दापेक्षा मित्राची नजर भारी पडते, मी रोज घरात बघतोय. घरच्यांनाच दोष देत बसलात तर जो खरोखर पोरापर्यंत पोचतोय तो मोकळा सुटेल.

हनोईत शिकवलेली
तीन वर्षं हनोईत शिकवत होते, आता साताऱ्यात आहे. तुमची दोघांचीही गोष्ट मुलग्यांची आहे, म्हणून लिहिते.

२०१५ च्या सर्वेक्षणात तिथले सुमारे ४५ टक्के पुरुष सिगारेट-तंबाखू ओढणारे होते, आणि बायका जेमतेम १ टक्का. बाई ओढताना दिसली तर लोक काय म्हणतील, या धाकाने ती १ टक्क्यावर राहिली. म्हणजे समाज बिघडवतो तसा राखतोही. पण ई-सिगारेटने तो धाक मोडला. दप्तरात लपते, कपड्यांना वास राहत नाही. २०२३ मध्ये अकरा ते अठरा वयाच्या मुलींमध्ये तिचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं होतं.

आणि त्या धाकाची दुसरी बाजू मी जवळून पाहिली. माझ्या वर्गातली सोळा वर्षांची मुलगी पाळी चुकली म्हणून सहा आठवडे एकटी घाबरून होती. आईला सांगायची सोय नाही, शाळेत विचारायची नाही. शेवटी मला विचारलं, तेही मी परदेशी म्हणून. तो धाक तिला सिगारेटपासून वाचवत होता आणि डॉक्टरपासूनही लांब ठेवत होता. मला त्याचं कौतुक करवत नाही.

मित्रांचं म्हणाल तर शाळेनंतर शिकवणी, शिकवणीनंतर दुसरी शिकवणी, माझी कितीतरी मुलं रात्री नऊला घरी जायची. आईबापांशी बोलायचं कधी? उरतात कोण, मित्रच ना.

रस्त्यावरचा माणूस
चर्चा पुष्कळ झाली, उपाय सांगतो. कायदा आणि दंड. १५ डिसेंबर २००७ ला व्हिएतनामने दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं केलं. त्याआधी लोक हेल्मेटला भाताचा कुकर म्हणत आणि घालणाऱ्याला हसत. सक्तीनंतर बघता बघता वापर नव्वद टक्क्यांच्या वर गेला. सगळ्यांनीच घातलं म्हटल्यावर हसायला कोणी उरलं नाही. ३० नोव्हेंबर २०२४ ला त्यांच्या राष्ट्रीय सभेने २०२५ पासून ई-सिगारेटवर बंदी ठरवली. आपल्याकडे २०१९ लाच आली. नियम कडक करा, रीत आपोआप बदलते.

सायगॉनकर
हेल्मेटचाच दाखला अर्धवट आहे. मोठ्यांनी घातली, मुलं मात्र मध्ये बोडकीच बसायची. हेल्मेटच्या वजनाने लेकराची मान दुखावते अशी समजूत आयांमध्ये पसरली होती. लहान मुलाला दंड करता येत नव्हता. शेवटी २०१० मध्ये नेणाऱ्या मोठ्या माणसाला दंड लावला. म्हणजे कायद्यालाही पोरापर्यंत जायला मोठ्यांच्याच दारातून जावं लागलं. आणि पोलीस चौकात असतो, चटईवर नसतो.

एक मात्र कबूल. पिऊन गाडी चालवण्यावर २०२० पासून भारी दंड आला, तेव्हापासून "गाडी चालवायची आहे" एवढं म्हटलं की पेला पुढे सरकवता येतो, कुणी रागावत नाही. नाही म्हणायला कायद्याने शब्द दिले. पण ते गाडीवाल्याला. पंधरा वर्षांच्या पोराकडे कुठले शब्द आहेत?

ताई, त्या मुलीचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझी मुलगी आठची आहे. संगतीबद्दलही तुम्ही दोघं म्हणता ते मी धरून चालतो. पण मित्र मला निवडता येत नाहीत, चटईवर मी स्वतः बसलेला असतो. त्या दिवशीही होतो आणि मीही "यो" म्हणालो होतो.

पुढच्या महिन्यात आजेसासूबाईंचं दाम यो आहे. पेला भाच्यापाशी आला की मी तो उचलून पुढे देणार. मेव्हण्याला काल फोन करून सांगितलं. बराच वेळ गप्प होता, पण नको म्हणाला नाही.

दोन मुलांचा बाप
दादा, पेला पुढे दिल्यावर पोरगं काय म्हणालं ते इथे नक्की लिहा. त्याला मोठ्यांदेखत लाज वाटली तर तेही लिहा.