बोलायचा होमवर्क कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून पाठवणे: ह्यानं बोलणं सुधारतं का?

पौडफाटा:
पुण्यात संध्याकाळच्या जपानी क्लासला जाते, एन४ ची बॅच, म्हणजे जेएलपीटी ह्या जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी. दर आठवड्याला बोलायचा होमवर्क असतो. विषय देतात, त्यावर दोन मिनिटं बोलायचं, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं आणि एमपी३ करून रविवार रात्रीच्या आत क्लासच्या पोर्टलवर चढवायचं. व्हॉट्सॅपवर पाठवलं तर धरत नाहीत.

आता सगळे काय करतात ते ग्रुपवर उघड उघड बोललं जातं. आधी मराठीत लिहायचं, एआयकडून जपानी करून घ्यायचं, ते देवनागरीत उतरवायचं आणि अर्ध्या स्क्रीनवर ते, अर्ध्यावर ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर उघडून धडाधड वाचायचं. अडखळलं की डिलीट, पुन्हा पहिल्यापासून. जास्त हुशार आहेत ते पुन्हा पहिल्यापासूनही करत नाहीत, दोन टेकमधले बरे तुकडे कापून जोडतात. फाईल एकदम कडक होते. आणि सोमवारी सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, वर्गात साधं "काल काय केलं" विचारलं की तीच मंडळी छताकडे बघतात.

बरं, जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नाही. एन५ पासून एन१ पर्यंत नुसते गोल काळे करायचे. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, संपलं. मग हा खटाटोप कोणासाठी? त्यापेक्षा वर्गात पंधरा मिनिटं जोड्या लावून बोलू द्या की. विरोधी मतंही चालतील, फक्त "मेहनत घ्या" एवढंच सांगू नका.

चाकण_रिटर्न:
परीक्षेत नाही म्हणूनच तर पाहिजे ना. जपानी कंपन्यांच्या इंटरव्ह्यूला बसलोय, दोन्ही बाजूंनी. एन३ चं सर्टिफिकेट समोर ठेवलेलं असतं, जिकोशोउकाइ म्हणजे स्वतःची ओळख पाठ असते, ती गाडी सुसाट जाते. मग समोरचा विचारतो, आधीच्या प्रोजेक्टमध्ये अवघड काय होतं? आणि शांतता. शब्द येत असतात, ऐकलेलं कळत असतं, पण तोंडाला सवयच नसते.

आणि पुन्हा पुन्हा टेक घेण्यात वाईट काय आहे ते मला कळलं नाही. एकच वाक्य तुम्ही जीभ वळेपर्यंत बोलताय, हाच तर होमवर्क. वर्गात तेच वाक्य चारदा बोलायला गेलात तर मागच्या बाकावरून हसतील. तुकडे जोडणाऱ्यांचं सोडा, ते गणिताच्या वहीतही उत्तर मागून पुढे लिहीत असणार.

खडूस_काकू:
कोणाच्या घरात ही दोन मिनिटं शांतता असते ते मला एकदा बघायचंय. आमचा वन बीएचके. बेडरूममध्ये मुलीचा अभ्यास, हॉलमध्ये टीव्ही, किचनमध्ये कुकर. रात्री अकरानंतर हळू आवाजात बोलावं तर सासूबाई दार ढकलून विचारतात, कोणाशी बोलतेयस गं इतक्या रात्री. हसू नका, हे असंच होतं. कॉम्प्युटर म्हणावा तर घरी एकच, तो ऑफिसचा, त्यावर काही इन्स्टॉल करता येत नाही.

फोनमध्ये काय वाईट आहे? व्हॉइस नोट करायची, गच्चीवर जाऊन करता येते, जिन्यात करता येते. शेवटी आवाज तो आवाज. माझा तर संशय आहे की हे पोर्टल-बिर्टल सगळं आईबापांना आणि नवीन ॲडमिशनवाल्यांना दाखवायला आहे.

हेडफोनवाला:
आवाज तो आवाज नाही हो काकू. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की तो हँड्सफ्रीवर जातो आणि आवाज जुन्या फोनसारखा चपटा होतो, वरच्या फ्रिक्वेन्सी उडतात, स आणि श मधला फरक त्यातच असतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीसारखा साधा वायरचा इअरफोन घ्या, माइक तोंडासमोर नको, गालाजवळ. मोनोमध्ये रेकॉर्ड करा. वेव्ह फाईल दोन मिनिटांची दहा एमबी होते, पोर्टल ती नाकारतं आणि लोक पोर्टलला शिव्या घालतात. ६४ केबीपीएसची एमपी३ केली की एक एमबीच्या आत बसते आणि बोलण्याला तेवढी पुरते. नॉइज रिडक्शन जपून, जास्त मारलं की पाण्याखालून बोलल्यासारखं येतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल होत नसेल तर ब्राउझरमध्येच रेकॉर्ड करणाऱ्या साइट असतात, फक्त माइकची परवानगी द्यायची. त्याही बऱ्याच कंपन्या ब्लॉक करतात म्हणा.

पण कॉम्प्युटरचा खरा फायदा वेगळाय. आवाज दिसतो. किते म्हणजे ये, कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट. दोन्ही म्हणा आणि ऑडॅसिटीत झूम करून बघा. किते मध्ये त च्या आधी सपाट रेघ जेमतेम असते, कित्ते मध्ये चांगली लांब, कारण तेवढा वेळ आपण खरोखर गप्प असतो. जपानी माणसाची क्लिप वरच्या ट्रॅकवर टाका, खाली तुमची. आपण कुठे घाई करतो ते कोणी सांगायलाच लागत नाही.

मूक_वाचक:
+१. बिरु म्हणजे इमारत, बीरु म्हणजे बियर. माझ्या रेकॉर्डिंगप्रमाणे मी एका चाळीस मजली बियरमध्ये काम करतो.

सेन्सेई_बिन्सेई:
मी शिकवतो, ह्या क्लासमध्ये नाही, दुसरीकडे. पौडफाटा म्हणतात तसं वर्गात बोलू द्यायचं तर हिशोब मांडू. बॅच तीसची, तास दीड तासाचा. बाकी काहीही शिकवलं नाही तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटं. जोड्या लावल्या की पंधरा जोड्या एकदम बोलतात, मी फार तर चार-पाच ऐकतो, उरलेल्या जोड्या दुसऱ्या मिनिटाला मराठीत येतात आणि सिंहगड रोडचं ट्रॅफिक निघतं.

आता मराठी माणसाची अडचण बघा. आपल्याला त्सु सहज येतो, चमच्यातला च आपल्याकडे आधीच आहे. अडतं ते ह्रस्व-दीर्घावर. शाळेत आपण ते शुद्धलेखनात शिकलो, मार्क गेले, वेलांट्या खोडल्या, पण बोलताना इ आणि ई कोण मोजतं? त्यामुळे कानच तयार नाही. जपानीत ओबासान म्हणजे मावशी-काकू आणि ओबाआसान म्हणजे आजी. कोणाच्या पन्नाशीच्या काकूंना आजी म्हटलं की मग कळतं. वर्गात मी टोकलं तर विद्यार्थी म्हणतो "पण मी तेच म्हणालो". रेकॉर्डिंगवर वाद राहत नाही.

व्हॉइस नोटला माझा विरोध एवढ्याचसाठी की तीस नोट्स आल्या की शिकवणारा दीड पटीनं ऐकतो. माणूसच आहे. दीड पटीत दीर्घ स्वर कसा कळणार? शिवाय जुनी नोट शोधायची तर वर शुभ सकाळचे गुलाब.

पौडफाटा:
हे सगळं पटतं, पण तुम्ही जे सांगताय ते ऐकून परत सांगणाऱ्या शिक्षकाचं झालं. आमच्याकडे काय येतं सांगू? प्रत्येक फाईलखाली "योकु देकिमाशिता", म्हणजे छान केलंस. सगळ्यांना तेच. ज्यानं तुकडे जोडले त्यालाही तेच. कितव्या सेकंदाला काय चुकलं हे आजवर कोणाच्याच फाईलखाली आलेलं नाही. फाईल ऐकली की नाही हेच कळत नसेल तर मी कुकर बंद करून, सगळ्यांना गप्प बसवून कशाला रेकॉर्ड करू? हेडफोनवाल्यांचं दोन ट्रॅकचं मी घरी करीनच, पण मग त्याला क्लास कशाला लागतो आणि फी कशाची देतेय?

चाकण_रिटर्न:
मग भांडण सेन्सेईंशी करा, रेकॉर्डिंगशी का?

खडूस_काकू:
कारण सेन्सेईंना तीस फाईली ऐकायचे वेगळे पैसे मिळत नाहीत. तीस गुणिले दोन, झाला एक तास, त्यात शेरे लिहायचे. रविवारी रात्री. फुकट. संस्था पोर्टलचे पैसे घेते पण.

सेन्सेई_बिन्सेई:
काकू, हे मात्र शंभर टक्के. मी म्हणून दर आठवड्याला दहाच जणांच्या फाईली मागवतो, पण त्या नीट ऐकतो, वेळ टाकून शेरा देतो, आणि पुढच्या तासाला त्याच विषयावर एकच प्रश्न विचारतो. वाचून रेकॉर्ड केलेलं तिथे उघडं पडतं. खरं तर आधीही कळतं. विचार करत बोलणारा माणूस मधे एत्तो, आनो करतोच, आपण "म्हणजे", "ते हे" करतो तसं. वाचणाऱ्याच्या बोलण्यात ते नसतं.

मूक_वाचक:
म्हणजे आता पोरं स्क्रिप्टमध्येच एत्तो लिहून आणणार.

सेन्सेई_बिन्सेई:
आणतात की. मागच्या बॅचमध्ये एकानं आणलं होतं. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला एक, अगदी "माझं नाव" च्या आधीसुद्धा.