प्रायव्हसी : गोपनीयता की खासगीपणा?

जळगावहून :
आमच्या अभ्यासिकेत १२ कम्प्युटर आहेत, सगळे वायफायवर. पासवर्ड माठाच्या वर भिंतीवर स्केचपेनने लिहिलेला. मुलं पाणी प्यायला येतात तेव्हाच तो पाठ होतो. वायफायबद्दलच्या सूचनेच्या पाटीचा मजकूर मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. 'प्रायव्हसी'ला 'गोपनीयता' लिहिलं, पण खटकतंय. मुलांना काही लपवायचं थोडंच आहे? दुसरा शब्द सुचवा.

धुळ्याहून :
खटकणारच, ताई. मंत्री शपथ घेतात ती 'पदाची व गोपनीयतेची'. हाती आलेली गोष्ट फुटू द्यायची नाही, ही सांभाळणाऱ्याची जबाबदारी. प्रायव्हसी हा ज्याची माहिती आहे त्याचा हक्क. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी तो मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा कुठे 'गोपनीयतेचा अधिकार' छापून आलं, कुठे 'खासगीपणाचा'. मला 'खासगीपणा'च पटतो.

तळोद्याहून :
'खासगी'चं आमच्या गावाशी नातं आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई तळोद्याच्या बारगळ घराण्यातल्या. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी त्यांच्या नावे जहागीर दिली. राज्याची ती 'दौलत' आणि राणीच्या हक्काची ती 'खासगी'. त्यात लपवाछपवी नव्हती, गावं सगळ्यांना ठाऊक होती. हुकूम मात्र त्यांचा. प्रायव्हसीचा अर्थ याहून वेगळा काय?

अमळनेरहून :
मी नेटवर्क बसवतो. वायफायपुरते दोन्ही शब्द लागतील. मजकुराला एन्क्रिप्शनचं, म्हणजे सांकेतिक रूपाचं, कुलूप लावलं की गोपनीयता झाली. पण पाकिटावरचा पत्ता उघडाच राहतो. प्रत्येक यंत्राचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक, हवेत कुलपाविना जातो. कोणतं यंत्र कधी चालू झालं, किती वेळ चाललं, हे पासवर्ड नसलेल्यालाही बाहेर बसून टिपता येतं. उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, झोपलं की शेजारच्या धाब्यावरचे शब्द कळत नाहीत, पण कोण जागं आहे ते कळतं ना, तसं. तिथे गोपनीयता शाबूत, खासगीपणा गेला.

आणि ताई, तो भिंतीवरचा पासवर्ड! वायफायच्या सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए२ असेल, तर पासवर्ड माहीत असलेला माणूस दुसऱ्याचं यंत्र जोडलं जातानाची देवाणघेवाण टिपून त्याचं वायफायचं कुलूप उघडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने ही फट बुजवली. वेबसाइट स्वतः लावते ते एचटीटीपीएसचं कुलूप वेगळं, ते राहतंच. पण राउटर आजच बघा.

जळगावहून :
बघितला, दादा. डब्ल्यूपीए२ च निघाला. नवा येईपर्यंत पाटी अशी लावते : 'हे वायफाय सामायिक आहे. इथे पूर्ण खासगीपणा मिळत नाही. बँकेचं काम इथे करू नका.' 'खाजगी' लिहू की 'खासगी'?

तळोद्याहून :
दोन्ही चालतात. मूळ शब्द 'खास', म्हणून मी 'खासगी' लिहितो.