'फायबर' म्हणजे तंतू, की त्याचा पत्रा?

सुतळी:
बचतगटांसाठीच्या एका पुस्तिकेत 'नैसर्गिक तंतुप्रबलित हलके संमिश्र' असं शीर्षक आहे. आत तागाचं कापड आणि पॉलिस्टर रेझिन (घट्ट होऊन कडक होणारा चिकट द्रव) वापरून पत्रा करायची कृती दिली आहे. हे शीर्षक कुणाला कळेल? 'संमिश्र' बरोबर आहे का?

गिलावा:
'संमिश्र' काढा. शाळेत पितळ, पोलाद यांना संमिश्रं म्हणतात. तिथे घटक वितळून एकजीव होतात. इथे ताग तागच राहतो आणि रेझिन रेझिनच. ओढ ताग सोसतो, रेझिन त्याला जागेवर धरून ठेवतं. आपल्याकडे या वस्तूला एकच असा जुना शब्द नाही, वस्तू मात्र जुनी आहे: पेंढा तुडवून केलेला गारा, शेणमातीनं लिंपलेला कारवीचा कूड. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू असल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालं, तेही याच जातीचं काम.
बोलीत मात्र 'फायबर' म्हणजे तयार मालच. फायबरची टाकी, फायबरची मूर्ती. म्हणून 'तागाचं फायबर' लिहिलंत तर निम्मे लोक तंतू समजतील, निम्मे पत्रा. 'कंपोझिट' (तंतू आणि त्यांना धरणारं रेझिन मिळून झालेला माल) लिहा आणि पहिल्याच पानावर अर्थ सांगा.

वाखकरी:
'तंतू' हा पुस्तकी शब्द. तो सगळ्यांना एका गोणीत भरतो आणि खरेदीत घोळ होतो. घायपाताचा, अंबाडीचा तो वाख: लांब, सरळ, ओढीला चिवट. घायपाताचं पान खरवडून वाख काढतात, ओल्या पानाच्या वजनाच्या जेमतेम ३-४ टक्के हाती लागतो. अंबाडीच्या काड्या पाण्यात कुजवून साल सोलावी लागते. नारळाच्या सोडणाचा तो काथ्या: ताणला तर बराच लांबतो, पण ओढीला कमी. गादीला उत्तम, पत्र्याला नाही. आणि केळीचं सोपट म्हणजे तंतू नव्हे, खोडाचा पदर. 'सोपटातून काढलेला धागा' असं लिहावं.
सगळ्यात फसवा शब्द 'ताग'. शेतकऱ्याला ताग म्हणजे हिरवळीच्या खताचा बोरू, गोणपाटवाल्याला बंगालचा ज्यूट. पुस्तिकेत 'ताग (ज्यूट)' असं एकदा तरी हवं, नाहीतर कुणीतरी बियाणाच्या दुकानात जाऊन उभं राहील.

सुतळी:
कृतीत 'गोणपाट उन्हात सुकवून घ्या, रेझिन लावून वाळवा' असं आहे. भाषा सोपी वाटते.

वाखकरी:
सोपी आहे, पण दोन्ही क्रियापदं चुकली आहेत. उन्हातून काढलेला ताग हाताला कोरडा लागतो, तरी दमट हवेत ८० ग्रॅम तागात ८-१० ग्रॅम पाणी सहज असतं. ते आत राहिलं की पत्र्यात फोड येतात, रेझिन तागाला धरत नाही आणि थर सुटतात. '८० अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत' असं लिहा.
शिवाय वापरलेल्या गोणपाटाला तेल असतं. आधी गरम पाणी आणि साबण, मग ५ टक्के कॉस्टिक सोडा: १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम, सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा हवाच. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही, सोडा ते खातो. २ तास पुरे. जास्त तीव्र द्रावणात ताग पांढरा, मऊ होतो आणि ताकद गमावतो. शेवटच्या धुण्यात थोडं व्हिनेगर.

गिलावा:
'वाळवा' तर नकोच. इथे रेझिन पाणी उडून घट्ट होत नाही, आत रासायनिक क्रिया होते. वाचणारा पंखा लावेल. 'आळणे' हा शब्द इथे चपखल आहे: आधी रेझिन आळतं, मग कडक होतं. रेझिन कडक करायला घालतात तो हार्डनर म्हणजे जवळपास विरजण. फरक एवढाच की विरजण जास्त झालं तर दही आंबट होतं, हार्डनर जास्त झाला तर रेझिन तापून तडकतं. रेझिनच्या वजनाच्या १ ते १.५ टक्का पुरतो. कोबाल्ट (क्रियेला वेग देणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. दोन्ही थेट एकत्र केले तर स्फोट होऊ शकतो. हे वाक्य ठळक छापा.

सुतळी:
३० बाय ३० सेंमी, ३ मिमी पत्र्याला किती?

वाखकरी:
चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या कापडाचे ३ थर, म्हणजे ८१ ग्रॅम ताग. रेझिन साधारण २५० ग्रॅम, भांड्याला आणि ब्रशला चिकटणारं धरून २८० घ्या. प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवा काढायची. ताग काचेच्या मॅटपेक्षा (नेहमीच्या फायबरच्या मालातलं काचतंतूंचं अस्तर) उशिरा भिजतो, घाई केली की आत पांढुरके, कोरडे डाग राहतात.

गिलावा:
शीर्षकातलं 'हलके' राहिलं. मराठीत 'हलका माल' म्हणजे कमी प्रतीचा. 'वजनाला हलका' लिहा, आणि तेही जपून. असा पत्रा घनसेंटिमीटरला सुमारे १.२५ ग्रॅम भरतो, काचेच्या मॅटचा १.४३ च्या आसपास. फरक १२-१३ टक्के. पण तागाचा पत्रा जास्त वाकतो, म्हणून जाडी वाढवावी लागते आणि वाचलेलं वजन बहुतेक तिथेच जातं.

सुतळी:
मग शीर्षक 'ताग (ज्यूट) आणि रेझिनचा पत्रा' करते. 'हलके' गाळलं.