मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान: साडेबारा हजार किमीला सोळा तास कसे?

सागरगोटा: मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) अंतर 12,530 किमीच्या आसपास येतंय. ताशी 900 किमी वेग धरला तर चौदा तास पुरायला हवेत. तिकिटावर मात्र जाताना सोळा आणि येताना साडेचौदा तास आहेत. शिवाय रात्री 1:30 ला निघून त्याच दिवशी सकाळी 7 ला पोचतं असं छापलंय. आईबाबा जानेवारीत जाणार आहेत. हिशेब कुठे चुकतोय?

अक्षवृत्त: अंतर बरोबर आहे, पण ते ग्रेट सर्कलचं, म्हणजे कमीत कमी अंतर. पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा. तो आइसलंडवरून, जवळपास 65 अंश उत्तरेवरून जातो. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर पट्टीने रेघ मारलीत तर ती सहारावरून जाते आणि 14,200 किमी भरते.

विमान त्या दोऱ्यावरूनही जात नाही. तो दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया असा जातो. पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 ला भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. अमेरिकी कंपन्यांना रशियाची हद्द 2022 पासून बंद आहे. त्यामुळे कंपनी कुठली यावर वळसा ठरतो. 600–700 किमी सहज वाढतात.

शेपटीवारा: उरलेला फरक वाऱ्याचा. 9 ते 12 किमी उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. जाताना तो नाकावर, येताना पाठीशी. सगळ्या वाटेवर सरासरी ताशी 50 किमीचा फरक धरून बघा:

जाताना 13,200 ÷ 850 = साडेपंधरा तास
येताना 13,200 ÷ 950 = चौदाला थोडे कमी

यात जमिनीवरची 30–40 मिनिटं मिळवा. तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. एका गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते. खरा वेळ पाहायचा तर विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार24 साइटवर त्या फ्लाइटचा मागचा आठवडा बघा. छापील वेळेपेक्षा त्यावर भरवसा ठेवावा.

घड्याळजी: दोन्ही वेळा स्थानिक असतात. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. 1:30 अधिक 16 म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे 5:30, त्यातून साडेदहा वजा केले की सकाळचे 7. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊच वजा करायचे.

आणि हे आईबाबांना आवर्जून सांगा: 15 तारखेचं रात्री 1:30 चं विमान म्हणजे 14 तारखेलाच रात्री दहा-साडेदहाला विमानतळावर हजर. या एका चुकीने लोकांची विमानं चुकतात. कॅब बुक करतानाही तारीख 14 चीच टाका.

सागरगोटा: दुबईमार्गे गेलं तर फार लांब पडतं का?

अक्षवृत्त: अंतराने नाही. मुंबई–दुबई 1,930 आणि दुबई–जेएफके 11,020, मिळून 12,950. वेळ जातो तो मधल्या थांब्यात. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या आणि मध्ये निदान तीन तास ठेवा. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही.