रिसर्च स्कॉलर आणि प्रोजेक्ट ऑफिससाठी ऑनलाइन कोर्स बनवायचाय, सुरुवात कुठून करू?

केमिस्ट्रीवाले_सर:
नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि रिसर्च सेलचा चार्जपण माझ्याकडेच आलाय (मीटिंगला दांडी मारली की असं होतं). आता वरून ठरलंय की जूनपासून आपला स्वतःचा ऑनलाइन कोर्स पाहिजे आणि त्यात पीएचडीची मुलं, गाईड आणि प्रोजेक्टचा हिशोब बघणारे ऑफिसातले लोक सगळ्यांना एकत्रच बसवायचं. विषय म्हणजे एथिक्स, प्लेजरिझम, प्रपोजल, खरेदीचे नियम, यूसी (ग्रँट कशी खर्च केली त्याचा दाखला), पेटंट, यादी वाढतच चाललीय. मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) आहे, कॅमेरा आहे, एडिटिंगला एक हौशी पोरगा आहे. प्लॅन असा की प्रत्येक विषयाला एका तज्ज्ञाचं तासाभराचं लेक्चर, खाली दहा एमसीक्यू, शेवटी सर्टिफिकेट. मला यात काहीतरी खटकतंय पण मीटिंगमधे बोलायला मुद्दा सापडत नाहीये. मुलं मोबाईलवर बघणार आणि निम्म्या गावांत संध्याकाळी लाईटचा भरवसा नाही, हे पण धरून सांगा.

बिनकॅमेऱ्याची:
सर, मी कोर्स डिझाईनचंच काम करते त्यामुळे जरा लांबण लावणारे, सांभाळून घ्या.

खटकतंय ते बरोबरच आहे. तुमच्या प्लॅनमधे तज्ज्ञ काय बोलणार ते ठरलंय, पण कोर्स संपल्यावर माणूस टेबलावर बसून काय करू शकणार हे कुठेच नाहीये. आणि ते ठरवायला बसलात की लगेच दिसेल की हा एक कोर्स नाही, दोन आहेत. स्कॉलरला सिनॉप्सिस, पेपर, एथिक्स कमिटीचा फॉर्म लिहायचाय. ऑफिसातल्या माणसाला बिलं लावायचीत, यूसी पाठवायचंय, ऑडिटला उत्तर द्यायचंय. दोघांना एकत्र बसवलंत तर अर्धा वेळ कोणीतरी एक जण कंटाळलेलाच असणार. फार तर एखादा भाग कॉमन ठेवा, म्हणजे प्रपोजलचं बजेट, तिथे दोघांची गाठ पडते आणि भांडणंही तिथेच होतात.

आयआयटी बॉम्बेच्या एज्युकेशनल टेक्नॉलॉजीवाल्यांनी लर्नर सेंट्रिक मूक (मूक म्हणजे कोणालाही करता येणारा ऑनलाइन कोर्स) म्हणून मॉडेल केलंय ते बघाच. त्यात व्हिडिओ अधेमधे थांबतो, प्रश्न विचारतो, तुम्ही आधी स्वतः विचार करून लिहायचं आणि मग पुढे जायचं, शिवाय करून बघायच्या गोष्टी वेगळ्या आणि चर्चा वेगळी. तासाभराच्या लेक्चरचं म्हणाल तर 2014 मधे एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या 69 लाख व्हिडिओ सेशन्सचा अभ्यास झाला होता, त्यात व्हिडिओ कितीही लांब असो, लोक बघायचे ते साधारण सहा मिनिटांपर्यंतच. म्हणून तासाचे दहा तुकडे करा असं नाही हं, तुकडे केलेलं रटाळ लेक्चर रटाळच राहतं.

माझा सल्ला, कॅमेऱ्याला पहिला महिनाभर हात लावू नका. आधी असाइनमेंट लिहा, मग ती करायला कमीत कमी काय माहिती लागते ते बघा, त्यातलं जे वाचून कळतं ते दोन पानांत लिहा, आणि जे हलताना दाखवल्याशिवाय कळतच नाही त्याचाच व्हिडिओ.

लेजर_फोलिओ:
मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे ऑफिसातला. प्रोजेक्टची अकाउंट्स बघतो. आमच्यासाठी आत्तापर्यंत जी ट्रेनिंगं झाली त्यात जीएफआर 2017 चे (केंद्र सरकारचे आर्थिक) नियम स्क्रीनवर वाचून दाखवले, झालं. नियम आम्हाला पण वाचता येतात हो.

अडतं कुठे ते सांगतो. यूसी फॉर्म 12-ए मधे करायचं, रिकरिंगचं (चालू खर्चाचं) वेगळं, नॉन रिकरिंगचं (मशीनसारख्या एकदाच्या खर्चाचं) वेगळं. मागच्या वर्षीची शिल्लक, या वर्षी आलेली ग्रँट, बँकेचं व्याज, खर्च, उरलेली शिल्लक, हे सगळं एसईशी (खर्चाच्या विवरणपत्राशी) जुळलं पाहिजे. व्याज बऱ्याच जणांकडून दाखवायचंच राहतं, आणि ते आपलं नसतं, परत भरावं लागतं. मशीनची ऑर्डर मार्चमधे गेली, मशीन आलं मे मधे, तर तो खर्च या वर्षी झाला का नाही? पीआयचं (प्रोजेक्टच्या प्रमुखाचं) म्हणणं दाखवा, आमचं म्हणणं फार तर कमिटेड (ऑर्डर दिलीय, पैसे द्यायचेत) म्हणून दाखवता येईल. आणि काचेची भांडी कन्झ्युमेबल का इक्विपमेंट यावर तर आमच्याकडे अक्षरशः अबोला झालेला आहे.

तर सर, एका खोट्या प्रोजेक्टची फाईल बनवा. सँक्शन लेटर, बँक स्टेटमेंट, पंधरावीस बिलं, त्यातली तीनचार मुद्दाम घोळाची, एक बिल प्रोजेक्ट संपल्यानंतरच्या तारखेचं. सांगा की यातून यूसी करा. शेवटची शिल्लक एकच आकडा येतो, मूडल स्वतः तपासेल, कोणाला बसून मार्क द्यायला नकोत. आणि ही फाईल गाईड लोकांनाही सोडवायला लावा, ही हात जोडून विनंती.

अजून एक, नियमांचे आकडे व्हिडिओत बोलू नका. 2025 च्या जूनमधे सायन्स मंत्रालयांच्या संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख झाली. जुना व्हिडिओ बघून कोणी काम केलं तर?

बिनकॅमेऱ्याची:
दादा, फाईलची आयडिया उचलली बरं का. आणि आकड्यांचं हजारदा बरोबर. प्रोजेक्टना ग्रँट देणारं सर्ब जाऊन एएनआरएफ आलं, यूजीसी केअर लिस्ट (मान्य जर्नल्सची यादी) 2025 मधे बंद झाली, ज्यांनी ‘केअर लिस्ट कशी बघावी’ असे व्हिडिओ केले होते ते सगळे बाद. बदलणारं सगळं एका वेगळ्या पानावर, वर तारीख, आणि ते पान बघायची जबाबदारी कोणाची त्याचं पद लिहून ठेवा.

सबमिशन_कधी:
स्कॉलर बोलतोय. आमच्याकडे कोर्सवर्कमधे रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा 2 क्रेडिटचा कोर्स झाला, यूजीसीने कंपल्सरी केलेला तोच. विद्यापीठाचं नाव नको, पण 30 तास पीपीटी वाचली गेली आणि आम्ही म्यूट करून आपापली कामं केली. एमसीक्यूची उत्तरं व्हॉट्सॅपवर आदल्या बॅचकडून आलेली होती, त्यामुळे सर, दहा एमसीक्यूवर फार विसंबू नका 😅

मला काय हवं होतं सांगू? 18% सिमिलॅरिटी (दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणारा भाग) आलेला रिपोर्ट समोर ठेवा. यूजीसीच्या 2018 च्या नियमात 10% पर्यंत माफ, पण रेफरन्सेस वगळायचे असतात, सलग 14 शब्दांपर्यंतचं कॉमन काही जुळलं तर तेही धरत नाहीत. मग ते वगळून खरंच किती उरलं ते मला काढायला लावा. त्याच्याशेजारी दुसरा रिपोर्ट 6% वाला ठेवा ज्यात पूर्ण परिच्छेद दुसऱ्याचा आहे, सॉफ्टवेअर हिरवं दाखवतंय. आता बोला, कोण दोषी? यावर आमची बॅच तासभर भांडली असती आणि लक्षातपण राहिलं असतं.

मोबाईलचं म्हणाल तर पीडीएफ नको, झूम करून करून वैताग येतो. मूडलच्या ॲपमधे कंटेंट डाउनलोड होतो, वायफायला असताना घेऊन ठेवला की घरी लाईट असो नसो.

ब्रिटनहून_काकू:
मी इथे एका युनिव्हर्सिटीत रिसर्च ऑफिसमधे आहे. इकडे हे रीतसर करिअर आहे, आर्मा नावाची असोसिएशन आहे, ट्रेनिंग आहे. भारतात संशोधनाला पैसे देणाऱ्या इंडिया अलायन्सने 2018 मधे रिसर्च मॅनेजमेंटसाठी आयआरएमआय नावाचा उपक्रम सुरू केला होता, पण कॉलेजात ते काम अजून कोणाच्यातरी गळ्यात ‘ॲडिशनल चार्ज’ म्हणूनच पडतं ना? म्हणून लेजर_फोलिओंसारख्या माणसाला विद्यार्थी म्हणून बसवू नका, त्या भागाचा शिक्षकच करा आणि मानधनही द्या.

आणि लिखाण शिकवायचं असेल तर मूडलमधे वर्कशॉप म्हणून ॲक्टिव्हिटी आहे, मुलं एकमेकांचे ॲबस्ट्रॅक्ट ठरलेल्या निकषांवर तपासतात. संशोधकांना लेखनात मदत करणाऱ्या ऑथरएडने लेखनाचे कोर्स अशाच पद्धतीने, मजकुरावर भर देऊन, कमी नेट असलेल्या देशांसाठी चालवलेत.

केमिस्ट्रीवाले_सर:
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन कोर्सचं पटवायला जड जाईल कारण पत्रकात ‘एक’ छापून गेलाय, पण एका नावाखाली दोन वाटा करता येतील बहुतेक. भाषेचं काय करू? तज्ज्ञ इंग्रजीच धरून बसतात.

बिनकॅमेऱ्याची:
बोलणं मराठीत, फॉर्म आणि स्क्रीन इंग्रजीत जशी आहे तशी. आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्यूटोरियल असेच असतात, स्क्रीन तीच, आवाज मराठी. यूसीला यूसीच म्हणा, उपयोगिता प्रमाणपत्र म्हणालात तर लेजर_फोलिओ उठून जातील.

लेजर_फोलिओ:
नाही जाणार 😄 सर, खोट्या फाईलसाठी जुन्या बिलांचे नमुने देतो, दुकानांची आणि माणसांची नावं खोडून. फक्त मार्च संपू द्या.