मदत हवी आहे: बाहेर मोकळे उडणारे पोपट आणि शेजाऱ्यांचा धोका

आमच्याकडे सन कोन्यूर जातीच्या छोट्या पोपटांची जोडी आहे. दोघंही हाताने भरवून वाढवलेली, पंख कधीच छाटले नाहीत. शिट्टीवर परत यायला आधी खोलीत शिकवलं, मग हार्नेस (अंगाला बांधायचा दोरीचा पट्टा) बांधून बाहेर. गेले आठ महिने रोज सकाळी गच्चीवरून मोकळं सोडते. अर्धा तास उडतात आणि शिट्टी वाजली की सूर्यफुलाच्या बीसाठी हातावर येऊन बसतात. ससाणा, घार, अचानक सुटलेला वारा, सगळ्याचा विचार केला होता. माणसांचा केला नव्हता.

परवा मादी वेळेवर आली, नर नाही. वीस मिनिटांनी तो आला तो कठड्यावर आपटलाच. पाठ आणि शेपूट चिंब, पिसं एकमेकांना चिकटलेली, अंगाला साबणाचा वास. तळहातावर घेतला तर नुसता थरथरत होता. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जीव, पिसं भिजली की नीट उडताही येत नाही आणि अंगातली ऊबही टिकत नाही. कोमट पाण्याने साबण काढला, उबेत ठेवलं, पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. आता बरा आहे.

समोरच्या काकांनी स्वतःच सांगितलं की पाणी त्यांनी टाकलं. "पुन्हा आले तर छर्‍यांची बंदूक काढीन," असंही म्हणाले. त्यांचा राग मला समजतो. कोन्यूरचं किंचाळणं कानात घुसतं, आणि गाडीच्या वायपरचं कुरतडलेलं रबर त्यांनी मला दाखवलं. चोचीच्या त्या खुणा मी ओळखते. भरपाई देते म्हटलं, त्यांनी घेतली नाही.

पण खरं सांगू, प्रेमळ शेजाऱ्यांचीही तितकीच भीती वाटू लागली आहे. माझे पक्षी कुणाच्याही खांद्यावर बसतात. पलीकडची मुलं त्यांना खिडकीत बोलावतात. उद्या कुणी लाडाने चॉकलेट दिलं तर? आत पंखा फिरत असेल, मांजर असेल, गॅसवर नॉनस्टिक तवा तापून धुरावलेला असेल तर? किंवा कुणी हरवलेला पक्षी समजून पिंजऱ्यात ठेवून घेतला तर? पायात नंबराचं वळं आहे, पण ते बघणार कोण?

काकांशी पुन्हा कसं बोलू? आणि उडवणं कायमचं बंद करायचं का?

प्रतिसाद
ताई, गच्चीवरून सोडणं आजपासून थांबवा. घरूनच सोडलं की आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या त्यांना आपल्याच वाटायला लागतात. प्रवासाच्या पिंजऱ्यातून वस्तीपासून लांब, मोकळ्या मैदानात न्या. अनोळखी जागी ते तुमच्या जवळ राहण्याची शक्यता जास्त. मात्र सुरुवात पुन्हा हार्नेसपासून करा, जुन्या जागी येणारा पक्षी नव्या जागी येईलच असं नाही.

काकांना सांगा की पक्षी आता इथे उडणार नाहीत. वाद घालू नका. बंदुकीची गोष्ट मात्र तारखेसकट लिहून ठेवा, पुन्हा बोलले तर पोलिसांना कळवा. मुलांच्या आईवडिलांना पक्ष्यांचा फोटो आणि तुमचा नंबर देऊन ठेवा, खायला काही देऊ नका म्हणून सांगा. मांजराचा दात किंवा नख नुसतं लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जखम दिसत नसली तरी मांजराच्या तोंडातल्या जंतूंनी पक्षी दोन दिवसांत जाऊ शकतो. मायक्रोचिपही (अंगात बसवायची नंबराची बारीक चिप) बसवून घ्या, वाद झाला तर पक्षी तुमचाच हे सिद्ध करायला मदत होते.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार. आज काकांकडे जाऊन आले. दार उघडलं, ऐकून घेतलं, एवढंच. गच्ची बंद केली आहे. आता एकच विचारायचं आहे. कुणाच्याही हातात बादली दिसली की नर भिंतीला चिकटून बसतो, माझ्या हातातली असली तरी. बी दाखवली तरी येत नाही. जबरदस्ती करायची नाही हे कळतं, पण त्याची ही भीती घालवायला कुठून सुरुवात करू?