विषय: बोटीचा नवा अल्टरनेटर – चार्जिंगचा दिवा विझत नाही

सर्वांना नमस्कार,

आमच्या बोटीवर दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या अल्टरनेटरचं बेरिंग गेलं, म्हणून शनिवारी मी स्वतःच नवा बसवला, ५५ अँपिअरचा. जुन्याच्या मागे एक जाड वायर आणि दोन पिनांचा प्लग होता. नव्याला प्लगच नाही, तीन बोल्ट आहेत: बी प्लस, डी प्लस आणि डब्ल्यू. बॅटरीकडे जाणारी जाड वायर बी प्लसला लावली, पॅनेलवरच्या चार्जिंगच्या दिव्याची डी प्लसला. प्लगमधली दुसरी वायर, जिच्यात किल्ली फिरवली की १२ व्होल्ट येतात, तिला जागाच उरली नाही. टेप गुंडाळून ठेवली आहे. ती डब्ल्यूला लावायची का?

इंजिन सुरू झालं तरी दिवा लागलेलाच राहतो, बॅटरीवर १२.४ व्होल्टच दिसतात, म्हणजे चार्जिंग होत नाही. आरपीएम २,२०० च्या वर नेले की दिवा विझतो, आणि मग आयडलिंगला आणलं तरी चार्जिंग चालू राहतं. विक्रेता म्हणतो माल चांगला आहे, तुमचं वायरिंग बघा. परत पाठवू का? काका पुण्याला गेले तरी आपली ईमेल यादी वाचतात, म्हणून इथेच विचारते.

– साउदॅम्प्टनहून

*

अगं, परत पाठवू नकोस. आणि ती वायर डब्ल्यूला अजिबात लावू नकोस. डब्ल्यू म्हणजे स्टेटरच्या (न फिरणाऱ्या वेटोळ्यांच्या) एका फेजमधून बाहेर काढलेलं टोक, टॅकोमीटरसाठी, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या मीटरसाठी. तिथे बॅटरीचे १२ व्होल्ट दिलेस तर चांगले डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, हकनाक जातील. तुझा टॅकोमीटर फ्लायव्हीलच्या सेन्सरवर चालत असेल तर डब्ल्यू मोकळाच राहू दे.

गणपतीत तू बोटीचे फोटो टाकले होतेस. त्यात नवं पॅनेल दिसलं, सगळे दिवे एलईडीचे. मला वाटतं गोम तिथेच आहे.

अल्टरनेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, कायमचं चुंबक नसतं. त्याच्या फील्डला (वेटोळ्याला) आधी बाहेरून थोडा करंट द्यावा लागतो, मग तो स्वतःचं स्वतः बघतो. तुझ्या जुन्या अल्टरनेटरला हा करंट किल्लीच्या वायरीतून मिळत होता. दिवा फक्त खबर द्यायचा, म्हणून एलईडी बसवल्यावरही काही बिघडलं नाही. नव्याला मात्र तो डी प्लसमधून, म्हणजे दिव्यातूनच जातो. ३ वॉटचा बल्ब पाव अँपिअर सोडतो. एलईडी सोडतो जेमतेम १०-२० मिलिअँपिअर. मग रोटरच्या लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावरच सगळी भिस्त, आणि ते जोरात फिरवल्याशिवाय पुरत नाही. तुझे २,२०० आरपीएम ते हेच.

डी प्लसची वायर काढून ब्लॉकला टेकवली की दिवा लागतो, म्हणजे वायर ठीक, असं सगळे शिकवतात. एलईडीच्या बाबतीत ही परीक्षा फसवते. तो एवढ्याशा करंटवरही लख्ख पेटतो.

काल मुद्दाम नाना पेठेत गेलो. तिथल्या एका डायनॅमोच्या दुकानात मी विशीत कार्बन बदलायला शिकलो. आता तिथे मालकांचा मुलगा बसतो. तुझा मेल वाचून दाखवला, तर मीटरला हात न लावता त्याने बाकावरच्या अल्टरनेटरच्या डी प्लसला बल्बमधून बॅटरी जोडली आणि पेचकस मागच्या बेरिंगजवळ नेला. पेचकस टक्कन चिकटला. बल्ब काढून एलईडी लावला, तर पेचकसाला ओढच नाही. हे तूही करून बघ: इंजिन बंद, किल्ली चालू, एक मिनिटभरच.

उपाय सोपा आहे. पॅनेलच्या मागे एलईडीला समांतर १२ व्होल्ट ३ वॉटचा बल्ब जोड, किंवा ५६ ओहमचा १० वॉटचा रेझिस्टर. तो तापतो, तेव्हा प्लास्टिकपासून लांब बांध. आणि टेपवाल्या वायरीत किल्ली लावली की करंट असतो. बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या, ओलीत टेप टिकत नाही, तिचा पॅनेलकडूनच बंदोबस्त कर.

– काका, सिंहगड रस्ता

*

एक भर घालतो. इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच चुकूनही बंद करू नका. माझ्या बोटीचे डायोड असेच क्षणात गेले. नवा बेल्ट असेल तर चार-पाच तासांनी पुन्हा ताणा. पुलीभोवती काळी पूड दिसली तर बेल्ट घसरतोय किंवा पुल्या एका रेषेत नाहीत.

– ब्रिस्टलहून

*

काका, बल्ब लावला. सेल मारला आणि आयडलिंगलाच दिवा विझला! पण फ्रीज आणि सगळे दिवे लावल्यावर अल्टरनेटरच्या बी प्लस आणि बॉडीमध्ये १४.३, तर बॅटरीवर १३.६. जाड वायर बदलू का?

*

अंदाजाने काही बदलू नकोस, आधी मोज. लोड तसाच ठेवून मीटरचं एक टोक बी प्लसला, दुसरं बॅटरीच्या प्लसला. मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस. ०.७ व्होल्ट जिथे हरवलेत, तिथेच काम. माझा संशय मायनसवर. या अल्टरनेटरला वेगळा मायनस बोल्ट नाही, सगळा करंट ब्रॅकेटमधून परततो. नव्या ब्रॅकेटला रंग असतो आणि रंगातून करंट जात नाही.

– काका

*

प्लसला ०.१, मायनसला ०.६. बोल्ट काढला तर ब्रॅकेटच्या कानाखाली पांढरा रंग जसाच्या तसा! पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला. शिवाय बॉडीपासून इंजिनच्या मुख्य मायनसपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, टोकाला थिंबल (धातूची टोपी) नीट दाबून, क्रिम्प करून. आता बी प्लसवर १४.३, बॅटरीवर १४.१. किल्लीची वायर पॅनेलमधूनच काढून टाकली.

नाना पेठेत त्यांना सांगा, इथेही पेचकस चिकटला.